सांध्यांतील दाह आणि नव्वद दिवसांची मुदत



या सदरातून आपण बहुधा व्याज, विमा आणि मृत्युपत्र यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय शरीराचा आहे. तरीही आरंभ बँकेच्या एका नियमापासून करतो, कारण त्या नियमामुळेच माझी एक चूक मला उशिरा का होईना, नीट उमगली.

कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले, की ते खाते 'एनपीए' ठरते. रिझर्व्ह बँकेचा हा निकष २००४ च्या मार्चअखेरीपासून लागू आहे आणि ज्यांची कॅश क्रेडिटची खाती आहेत त्या आपल्या वाचकांना तो तोंडपाठ असेल. खाते एका रात्रीत बुडत नाही. आधी ते इशारे देते आणि ते इशारे वेळीच वाचले तर खातेही वाचते, खातेदारही वाचतो. असे इशारे वाचण्यातच माझी सारी नोकरी गेली. माझ्या स्वतःच्या घरातील एक खाते मात्र चौदा महिने थकत होते आणि ते मला दिसले नाही.

माझी पत्नी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. सकाळी कणीक मळताना बोटे दुखतात, असे ती म्हणे. पुढे डब्याचे झाकण उघडेना, हातातील बांगड्या मनगटाकडून वर सरकेनात. पहाटे माळ घेऊन बसली की मणी बोटांना पुढे ढकलता येईनात, म्हणून ती मनातल्या मनात मोजू लागली. घरातील वडीलधारी मंडळी म्हणाली, "वात आहे, गार पाण्यात हात घालू नकोस." मी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून देत असे. गोळी घेतली की दुपारपर्यंत तिला बरे वाटे आणि मला वाटे, प्रश्न मिटला. अखेर संधिवाततज्ज्ञांकडे गेलो तेव्हा क्ष-किरण चित्रात बोटांच्या सांध्यांजवळील हाडे उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गोळीने दुखणे दबले होते, आजार दबला नव्हता." त्या एका वाक्यात या लेखाचे सार आहे.

दुखण्याच्या मुळाशी जी क्रिया असते तिला वैद्यकात दाह किंवा शोथ म्हणतात. रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिची चार लक्षणे नोंदविली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्या भागाचे काम बंद पडणे, हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. दाह मुळात शत्रू नव्हे. बोटाला काटा रुतला की रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, जंतूंचा नाश होतो आणि काम संपताच सारे शांत होते. ही शरीराची चौकीदारीच आहे. चौकीदार जेव्हा घरच्याच माणसांना चोर समजून झोडपू लागतो आणि रात्र सरली तरी थांबत नाही, तेव्हा आजार सुरू होतो.

सांध्याच्या आतील बाजूस एक अत्यंत पातळ अस्तर असते. त्यातून स्रवणारे वंगण सांध्याची हालचाल सुलभ ठेवते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजून जाड होते, त्यातील पेशी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी रासायनिक द्रव्ये सोडतात, ती आणखी पेशींना बोलावतात, आणि हे जाडावलेले अस्तर हळूहळू कूर्चा व हाड पोखरू लागते. हा दाह सांध्यापुरताच राहत नाही. थकवा, बारीक ताप, रक्तक्षय हीही त्याचीच रूपे आहेत. वर्षानुवर्षे दाह धुमसत राहिला तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

आपल्या घरांत गुडघा दुखला तरी 'वात' आणि बोटे सुजली तरी 'वात'. आपल्या प्राचीन वैद्यांनी मात्र हा घोळ केला नव्हता. 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र स्थान आहे आणि सांध्याच्या इतर वातविकारांहून तो वेगळा मानला आहे. आधुनिक वैद्यकाची विभागणीही अशीच आहे. उतारवयात गुडघ्याची कूर्चा झिजते, त्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. त्यातही थोडा दाह असतो, पण चालले की दुखते आणि विसावले की बरे वाटते, असे त्याचे रूप असते. सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. दाहजन्य आजारात याच्या उलट घडते. विश्रांतीनंतर सांधे अधिक आखडतात आणि हालचालीने मोकळे होतात. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनही अधिक टिकतो. आपल्याला घड्याळ पाहण्याचीही गरज नाही. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. उठल्यावर एक सामायिक पूर्ण होऊनही मूठ वळत नसेल, तर ते वयाचे दुखणे आहे असे समजू नये.

हा दाह निरनिराळ्या आजारांत निरनिराळ्या ठिकाणी वसतो. पेढीवर बसणाऱ्या तरुणाची कंबर दुखली की आपण गादीला दोष देतो. पण चाळिशीच्या आतील माणसाला तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखत असेल, उत्तररात्री दुखण्याने जाग येत असेल आणि चालल्याफिरल्यावर बरे वाटत असेल, तर तो मणक्यांचा दाह, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. सोरायसिस असणाऱ्या काहींच्या सांध्यांतही दाह उतरतो. ल्युपसमध्ये तो त्वचा आणि मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मुलाचा घसा धरून काही आठवड्यांनी ताप आला आणि एकामागून एक मोठे सांधे सुजू लागले, तर तो संधिवाताचा ज्वर असू शकतो. त्यात सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होऊ शकतात. आणि गाऊटमध्ये युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात व दाह भडकतो. रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद होतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही.

असे रुग्ण आपल्या आसपास किती असावेत? पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवण या गावी घरोघर जाऊन पाहणी केली होती. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का आढळले, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक. एखाद्या बऱ्या मोठ्या स्थानकात पर्युषणात जमणाऱ्या समुदायात असे काही जण असणारच, आणि त्यांत स्त्रिया अधिक असतील, कारण हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो.

आता नव्वद दिवसांकडे वळतो. दाह सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन महिने संधिवाततज्ज्ञ विशेष मोलाचे मानतात. या मुदतीत योग्य औषध सुरू झाले, तर दाह पूर्णपणे शमण्याची आणि हाडे वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. बँकेची मुदत आणि शरीराची मुदत सारखी असावी हा योगायोग खरा, पण लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे. एक फरक मात्र आहे. बुडीत खात्यातून काही वसुली पुढेही होऊ शकते. कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होत नाही.

निदानासाठी रक्ताच्या काही तपासण्या असतात. ईएसआर आणि सीआरपी यांतून दाह आहे की नाही ते कळते. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी यांतून आजाराचा प्रकार ओळखण्यास मदत होते. मात्र केवळ कागदावरील आकड्यांवर विसंबू नये. काही रुग्णांत या तपासण्या निर्दोष येतात आणि सांधे मात्र सुजलेले असतात. जमाखर्च जुळला म्हणून गोदामातील माल न पाहता परतणारा अधिकारी जसा फसतो, तसेच हे आहे.

उपचारांचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अंथरुणाला खिळलेल्या स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण स्टिरॉइडचे कर्ज फार महाग असते. दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. म्हणून 'तीन दिवसांत गुण' अशी ग्वाही देऊन विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. कोणी दीर्घकाळ अशा पुड्या घेत असेल, तर त्या एकाएकी बंद करणेही घातक ठरू शकते. डॉक्टरांना सारे सांगून मात्रा क्रमाक्रमाने उतरवावी लागते.

आज ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये उपचाराचा मुख्य आधार मेथोट्रेक्सेट हे औषध आहे. ते महाग नाही. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते, म्हणून घरातील एका जबाबदार व्यक्तीने ते स्वतःच्या हाताने द्यावे. सोबत फॉलिक आम्ल दिले जाते आणि रक्त व यकृत यांची नियमित तपासणी करावी लागते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. नव्या सुनेला हा आजार असेल तर ही गोष्ट संकोच न बाळगता आधीच डॉक्टरांशी बोलावी. या गोळ्यांनी भागले नाही तर टीएनएफला अडविणारी इंजेक्शने आहेत. त्यांचा मार्ग १९९०च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि भारतात जन्मलेले रवींदर मैनी यांनी खुला केला.

आपल्या समाजात येथे काही प्रश्न हमखास उभे राहतात. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधाची वेळ दिवसा बसवून मागावी. आठवड्यातून एकदाच्या गोळीला तर ते सहज जमते. जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी शंका असेल तर तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का, हे विचारावे. वर सांगितलेली इंजेक्शने प्राण्यांच्या पेशींच्या संवर्धनातून तयार होतात, हेही माहीत असावे. निर्णय ज्याने त्याने आपल्या विवेकाने घ्यावा, पण माहिती घेऊन घ्यावा, आणि औषध गुपचूप बंद करू नये.

उपवासाचे काय? १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नॉर्वेतील डॉक्टरांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या सत्तावीस रुग्णांनी सात ते दहा दिवसांचा उपवास आणि नंतर वर्षभर शाकाहार केला. नेहमीचा आहार घेणाऱ्या सव्वीस जणांच्या तुलनेत त्यांची सूज, वेदना आणि ताठरपणा कमी झाला. हे वाचून आपल्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या उपवासात रस आणि भाज्यांचे पाणी चालत होते, आणि रुग्णांची संख्या लहान होती. त्यावरून औषध सोडून अठ्ठाई करावी, असा निष्कर्ष निघत नाही. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेतल्याने जठरात व्रण होऊ शकतो आणि पाणी न घेता ती घेतल्याने मूत्रपिंडावर भार पडतो. गाऊटच्या रुग्णाचे युरिक आम्ल कडक उपवासात वाढते आणि पारण्याच्या आसपास झटका येऊ शकतो. पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुमहाराजांसमोर आणि डॉक्टरांसमोर आपली प्रकृती मोकळेपणाने सांगावी. जाता जाता गाऊटविषयी एक गैरसमज दूर करतो. डाळी सोडण्याची घाई नको, मोठ्या पाहण्यांत डाळींनी गाऊट वाढल्याचे दिसलेले नाही. साखरेच्या गोड पेयांनी मात्र तो वाढतो. तंबाखूच्या धुराने ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा धोका वाढतो, हेही निश्चित आहे.

आज माझी पत्नी आठवड्याची गोळी घेते, तीन महिन्यांनी रक्त तपासते आणि पहाटे माळ फिरविते. उजव्या हाताची दोन बोटे मात्र वाकली आहेत, ती सरळ होणार नाहीत. तिने मला कधी दोष दिला नाही. पण ती बोटे पाहिली की त्या चौदा महिन्यांची नोंद माझ्या नावे पडलेली मला दिसते.

आपल्या घरांतील स्त्रिया सहसा तक्रार करीत नाहीत. म्हणून विचारण्याची जबाबदारी आपली आहे. उद्या सकाळी चहा घेताना आई, पत्नी, सून, बहीण यांच्या हातांकडे एकदा पाहावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: सकाळी बोटे आखडतात का? किती वेळ? आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधे सुजलेले आहेत का? उत्तर होकारार्थी आले, तर दुकानातून गोळी आणू नका. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या आणि पहिल्या दुखण्यापासून किती दिवस झाले ते मोजा. नव्वद भरायच्या आत पोहोचा.