जुनी मोटारसायकल : आधी कागद, मग किक

मागील अंक प्रसिद्ध झाल्यानंतर एका व्यापारी मित्रांचा दूरध्वनी आला. त्यांच्या चिरंजीवांना येझदी मोटारसायकल घ्यावयाची आहे, आणि तीही तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. ‘दुकानात दोन चांगल्या गाड्या उभ्या असताना हे भंगार घरात कशाला?’ हा त्यांचा प्रश्न. आणि ‘तुम्ही बँकेत आयुष्य काढलेत, तुम्हीच त्याला समजवा,’ ही आज्ञा. मी त्या मुलाशी बोललो. त्याला परावृत्त करावे असे मला वाटले नाही. व्यवहाराचा क्रम मात्र उलटा करावयास सांगितला. तो आधी इंजिनाचा आवाज ऐकणार होता, मग किंमत ठरवणार होता आणि कागदपत्रे ‘मागाहून बघू’ म्हणत होता. जुनी गाडी यंत्र म्हणून बहुधा दुरुस्त होते. कागदावर बिघडलेली गाडी कित्येकदा दुरुस्त होतच नाही. हा छंद अनेक घरांतील तरुणांना लागलेला दिसतो, म्हणून त्याचा हिशेब येथे सविस्तर मांडतो.

प्रथम गाडीविषयी थोडे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. याचा अर्थ, आज बाजारात मिळणारी सर्वांत तरुण जुनी येझदीदेखील सुमारे तीन दशकांची आहे. अलीकडे त्याच नावाने नव्या गाड्या निघाल्या आहेत, पण त्यांचे यंत्र संपूर्ण निराळे असल्यामुळे त्यांचे सुटे भाग जुन्या गाडीस उपयोगी पडत नाहीत. राजदूत किंवा यामाहा आरएक्स १०० घेणाऱ्यांनाही पुढील विवेचन बहुतांशी लागू पडेल.

आता कागद. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपले नेहमीचे आरसी बुक, हाती घेऊन गाडीजवळ बसावे. चासी क्रमांक व इंजिन क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहावेत. अंक अस्पष्ट असतील तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवावी; ठसा उमटतो. अंकांच्या आसपास घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असो, तेथून उठावे.

त्यानंतर तारण. कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण प्रमाणपत्रावर बँकेचे नाव तसेच राहते. कर्जफेड झाली म्हणजे नोंद आपोआप जाते असा समज सार्वत्रिक आहे. तसे होत नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावरच ती नोंद निघते. येथे एक नवी गुंतागुंत संभवते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. अशा नामशेष बँकेचे नाव प्रमाणपत्रावर असेल, तर दाखला उत्तराधिकारी बँकेकडून आणावा लागतो आणि जुने खाते शोधण्यात वेळ जातो. हे काम विकणाऱ्याने व्यवहारापूर्वी पूर्ण करावे. खरेदीदाराने ते आपल्या अंगावर घेऊ नये.

मूळ मालक दिवंगत असल्यास वारसाने नमुना ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करावयास हवी. आजोबांची गाडी नातू परस्पर विकतो, तेव्हा सही कोणाची, हा प्रश्न उरतोच. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणीनंतर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. थकलेले शुल्क, कर व दंड यांची एकूण रक्कम कार्यालयात विचारून ती किमतीतून वजा करावी. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटीही लागते. नोंदणी रद्द होऊन भंगारात निघालेली गाडी मात्र रस्त्यावर चालवण्यासाठी घेऊच नये.

हस्तांतरासाठी नमुना २९ व नमुना ३० आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. आपल्या व्यापारी घरांत दुकानाची जुनी गाडी ओळखीच्या माणसास देताना कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देण्याची पद्धत आहे. ‘विश्वासातला माणूस आहे, करून घेईल नावावर.’ येथे विश्वासाचा प्रश्नच नसतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी प्रत्यक्षात हातोहात कितीही जणांकडे गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. विमा नसलेल्या अशा गाडीचा अपघात झाला, तर चार वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला दुकानदार न्यायालयात उभा राहू शकतो. म्हणून हस्तांतराची निकड विकणाऱ्यालाही तितकीच असावी. जो विक्रेता यासाठी चालढकल करतो, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

कागद चोख निघाले, की मग यंत्र. गाडी पाहावयास जाण्यापूर्वी ती सुरू करून ठेवू नये असे सांगावे, आणि गेल्याबरोबर इंजिनास हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. गरम इंजिन सहज सुरू होते; थंड इंजिन खरे बोलते. येझदीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, तो दोन्ही कामांत घट्ट बसतो का ते पाहावे. सुरू होताना थोडा धूर या दुहेरी फेऱ्याच्या इंजिनात स्वाभाविक आहे, कारण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते. इंजिन तापल्यानंतरही पांढरट दाट धूर येत राहिला, तर क्रँकचे ऑइल सील सुकून गिअरबॉक्सचे ऑइल आत ओढले जात असण्याचा संभव असतो. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागते. ‘आतापर्यंत किती वेळा बोअर झाले?’ हेही विचारावे. दर बोअरिंगला सिलिंडर किंचित मोठा होतो व मोठा पिस्टन बसवावा लागतो. शेवटचा माप गाठलेल्या सिलिंडरला पुढे वाव उरत नाही. टाकीत विजेरीचा प्रकाश टाकून गंज पाहावा.

दुरुस्तीतही क्रम महत्त्वाचा. बहुतेक तरुण रंग आणि क्रोमपासून आरंभ करतात, आणि पैसे संपतात तेव्हा गाडी चकचकीत पण अचल असते. पहिला खर्च थांबण्यावर करावा : ब्रेकशू, केबल, टायर, चाकाचे बेअरिंग. टायरच्या बाजूवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक झालेले असते. जुन्या ब्रेकशूंच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते, ती फुंकर मारून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. दुसरा खर्च वायरिंग व दिव्यांवर, तिसरा इंजिनावर. आज पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते, म्हणून ते बदलावेत आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. रंग सर्वांत शेवटी. मूळ रंग बदलावयाचा असल्यास प्रमाणपत्रात त्याची नोंद करून घ्यावी.

हिशेबाविषयी वाणिज्याच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षी शिकवले जाते की, मालमत्ता वापरण्याजोगी होईपर्यंतचा सारा खर्च तिच्या मूल्यात धरावयाचा. समजा, गाडी चाळीस हजारांना ठरली. नूतनीकरण, कर व हस्तांतर यांस सहा हजार आणि ब्रेकपासून इंजिनापर्यंत तीस हजार लागले, तर ती गाडी शहात्तर हजारांची आहे. चाळीस हजार हा केवळ पहिला हप्ता. रक्कम ठरवताना शेवटचा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा, त्यावर वीस टक्के राखीव ठेवावेत, आणि ‘पुढे किंमत वाढेल’ ही आशा जमेच्या बाजूस लिहू नये. हा खर्च हौसेच्या खात्यावर टाकावा, दुकानाच्या नव्हे. मिस्त्रीकडून प्रत्येक कामाची पावती आणि काढलेला जुना भाग, दोन्ही मागून घ्यावेत.

मित्रांच्या चिरंजीवांनी पाहिलेल्या पहिल्या गाडीवर तारणाची नोंद होती. ती त्यांनी सोडून दिली. दुसरीचे कागद सध्या परिवहन कार्यालयात आहेत. वडिलांचा विरोध मावळला आहे असे म्हणता येणार नाही, परंतु पावत्यांची फाइल त्यांनीच दुकानातून काढून दिली, असे कळते.

जुन्या वाहनाच्या विम्याविषयीही काहींनी विचारणा केली आहे. तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहेच. मात्र विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर खरेदीदाराकडे येत नाही, एवढे तूर्त लक्षात ठेवावे. उर्वरित विवेचन पुढील अंकी.