कोलोनोस्कोपीची धास्ती

शौचातून रक्त पडले की मूळव्याधच, असे धरून पन्नाशीपुढची माणसे मलम लावत बसतात. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगितली, की दुखेल म्हणून टाळतात. वास्तविक जास्त दुखवते ती आत भरलेली हवा, आणि वळणावर नळीचा पडणारा वेढा. हवेऐवजी कोमट पाणी सोडत नळी सावकाश नेली, वेढा सोडवला, मदतनिसाने पोट दाबून धरले, रुग्णाला कुशीवरून उताणे केले, तर पुष्कळांना गुंगीच्या इंजेक्शनाशिवाय तपासणी सोसते. मात्र यात घाई चालत नाही, आणि आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे! म्हणून ‘पाण्याने करता का? दुखले तर थांबाल ना?’ असे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. गर्भाशय काढलेल्या भगिनींना अधिक दुखू शकते. त्यांनी तसे आधीच सांगावे व गुंगी घेण्यात कमीपणा मानू नये.