कर्ता नसलेली पोळी

डोंबिवली स्थानकाच्या बाहेर संध्याकाळी सातनंतर जी पोळी-भाजी केंद्रे गजबजलेली असतात, त्यांपैकी एकापुढच्या रांगेत आम्ही उभे होतो. आमच्या पुढे मराठीचेच एक निवृत्त प्राध्यापक होते. ओळख निघाली, बोलणे झाले, आणि आठ पोळ्यांचे पुडके हातात पडताच ते म्हणाले, "घरच्या पोळीचा मऊपणा याला नाही हो. तो हाताचा गुण असतो. आता ते हातच राहिले नाहीत." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत; लेखांत, कवितांच्या रसग्रहणांत आणि निरोपसमारंभाच्या भाषणांतही. ते वरवर गौरवाचे वाटते. परंतु आमच्या मते ते कमालीचे अन्यायकारक आहे, आणि हा अन्याय टिकवून धरण्यात आपल्या साहित्यव्यवहाराचा, म्हणजे लिहिणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा, मोठा वाटा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम 'हाताच्या गुणा'चे पाहू. पोळी मऊ का होते? गव्हाच्या पिठात ग्लायडिन व ग्लुटेनिन ही प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि मळणे झाले की त्यांचे लवचीक जाळे तयार होते. हे जाळे ताणलेले असताना पोळी लाटली तर ती आक्रसते आणि चिवट होते. म्हणून कणीक भिजवून वीस-तीस मिनिटे झाकून ठेवायची, मग पुन्हा तिंबायची. दगडी जात्यात किंवा चक्कीत दळताना पिठातील स्टार्चचे काही कण फुटतात, आणि असे फुटलेले कण पाणी अधिक धरून ठेवतात. म्हणून पोळीला चक्कीचे पीठ हवे, आणि कणीक पुरीच्या कणकेपेक्षा सैल हवी. घडीच्या पोळीत पुरीएवढ्या लाटीवर तेल लावून, पीठ भुरभुरून, आधी अर्धी व मग चौथाई घडी घालतात. तव्यावर पाण्याची वाफ होते, तेलामुळे न चिकटलेले पदर ती वाफ सुटे करते. तवा मंद असेल तर पोळी भाजली जाण्याआधी वाळते आणि तिचा पापड होतो. उतरवलेली पोळी दोन्ही हातांत धरून हलकेच आपटली की पदर मोकळे होतात. फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की वाफ आतच जिरते. शिळी पोळी कडक होते ती केवळ पाणी उडाल्याने नव्हे, तर स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले जाऊ लागल्याने, आणि शीतकपाटात ही क्रिया अधिक वेगाने होते.

यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. ज्या बाईने हे शास्त्र कधी वाचले नाही, तिलाही पायऱ्या ठाऊक असतात: नव्या गव्हाला पाणी किती, पावसाळ्यात किती, कडा पातळ आणि मध्य जरा जाड का ठेवायचा, पहिली बाजू किती क्षणांनी उलटायची. हे सारे निरीक्षण, चूक, दुरुस्ती आणि पुन्हा निरीक्षण या मार्गाने मिळवलेले आहे. पुरुषाने असे काही कमावले की आपण त्याला विद्या म्हणतो, रियाज म्हणतो, घराणे म्हणतो. बाईने कमावले की तो 'हाताचा गुण' होतो. गुण जन्मजात असतो. त्यामुळे त्याला वेळ लागला असे मानावे लागत नाही, त्याचे श्रम मोजावे लागत नाहीत, आणि तो आपण शिकावा असेही कोणाच्या मनात येत नाही.

मोजायचेच तर मोजता येते. चार माणसांच्या घरात डब्याच्या आणि रात्रीच्या मिळून रोज वीस पोळ्या धरल्या तर वर्षाला ७,३०० होतात, आणि तीस वर्षांत दोन लाखांवर जातात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरकामात आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. जे हे काम करत होते त्यांतही स्त्रीचा दिवसाचा वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषाचा ९७. आता हे आकडे आपल्या परिसरात आणून ठेवा. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८, कल्याण ५४ किलोमीटर. परतीच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून शेंगा सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यावर कौतुकाची ललिते लिहून झाली आहेत. परंतु गाडीत भाजी निवडता येते, पोळी लाटता येत नाही. त्यासाठी घर गाठावे लागते, ओट्याशी उभे राहावे लागते. पोळी-भाजी केंद्र या भागात रुजले ते या भूगोलामुळे. ज्या प्राध्यापकांना त्यात संस्कृतीचा ऱ्हास दिसतो, त्यांनी हे ४८ किलोमीटर दोन्ही वेळा मोजून मग बोलावे.

शिवाय ऱ्हास कशाचा? 'घरची पोळी' ही इथली सनातन वस्तू आहे, असे तरी कोणी सांगितले? ठाणे-कल्याणचा हा मुलूख भाताचा. वाड्याचा कोलम याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला. २०१४ पासून वाडा पालघर जिल्ह्यात आहे. इथल्या आगरी-कोळी घरांतली रोजची भाकरी तांदळाची: उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची आणि हातावर थापायची. तीही मऊच असते, आणि तिचे तंत्र घडीच्या पोळीपेक्षा सोपे नाही. देशावर ज्वारी-बाजरी. गव्हाची पोळी हे बहुसंख्य मराठी घरांत सणावाराचे अन्न होते. १९५६ च्या पी.एल. ४८० करारानंतर आलेला अमेरिकी गहू, रेशनची दुकाने आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची हरितक्रांती यांनी गहू रोजच्या ताटात आणला. म्हणजे ज्या परंपरेसाठी आपण गळा काढतो, ती पुष्कळ घरांत दोन-तीन पिढ्यांपलीकडची नाही.

आणि तिला 'पोळी' म्हणावे की 'चपाती'? या प्रश्नावर ठाण्याच्या नौपाड्यात आणि डोंबिवलीच्या पूर्वेला अजूनही भुवया उंचावतात. अनेक घरांत पोळी म्हणजे पुरणपोळी. रोजची ती चपाती. तरी 'चपाती' म्हणणाऱ्या विद्यार्थिनीला वर्गात हसू ऐकावे लागते, आणि शिक्षक ते हसू थांबवत नाहीत. एका शब्दावरून जात ओळखण्याची ही सोय आपण प्रमाणभाषेच्या नावाखाली चालू ठेवली आहे. आम्ही या लेखात 'पोळी' हा शब्द वापरतो, तो आमच्या घरात तो होता म्हणून. तो अधिक शुद्ध आहे म्हणून नव्हे.

आता साहित्याकडे वळू. मराठी साहित्यात भाकरीला केवढी प्रतिष्ठा आहे! नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून दलित आत्मकथनांपर्यंत भाकरी हे भुकेचे, श्रमाचे, हक्काचे प्रतीक आहे. ही प्रतिष्ठा रास्तच आहे. पोळीच्या वाट्याला मात्र वाक्प्रचारांतही आपमतलबच आला: आपल्या पोळीवर तूप ओढणे, दुसऱ्याच्या आगीवर आपली पोळी भाजून घेणे. पण प्रतीक भाकरीचे असो वा पोळीचे, ते नेहमी खाणाऱ्याच्या बाजूने उभे राहते. ती मिळाली की नाही, हा आपल्या समीक्षेचा प्रश्न. ती केली कोणी, हा नव्हे.

मुक्ताबाईच्या मांड्यांची आख्यायिका घ्या. विसोबांनी खापर मिळू दिले नाही, ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला, आणि तापलेल्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजले. कीर्तनकार पाठीचे वर्णन करताना तल्लीन होतात. मांडा हा गव्हाच्या पदार्थांतला बहुधा सर्वांत कठीण पदार्थ. हातांवर झेलत झेलत तो रुमालासारखा पातळ करावा लागतो. एवढ्याशा पोरीला ते येत होते, याचे आश्चर्य मात्र आख्यायिकेला वाटत नाही. चमत्कार पाठीचा, मांडे काय, मुलीच्या जातीला यायचेच.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची 'अरे संसार संसार' ही कविता तर पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोचवली. तीत तव्याचे चटके आधी येतात आणि भाकरी नंतर मिळते. आम्ही ही कविता शिकलो आणि शिकवलीही. दोन्ही वेळा 'संसाराचे तत्त्वज्ञान' असे शीर्षक देऊन मोकळे झालो. तवा हा तवा आहे, चटका हा चटका आहे, आणि हे सांगणारी बाई रोज चुलीपुढे बसणारी होती, एवढे साधे वाचन कोणत्याही मार्गदर्शिकेत आम्हांस आढळले नाही. उपमेय हाती लागताच आपण उपमान टाकून देतो. त्याबरोबर भाजलेला हातही टाकला जातो.

हे वाचन किती अपुरे आहे, ते बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकापुढे कळते. त्यात पहाटे उठवलेल्या कोवळ्या सुनेच्या भाकऱ्या बिघडतात, आणि सासू त्या शेजारणींना दाखवत तिची शोभा करते. तिथे भाकरी हे प्रतीक उरत नाही; ती सुनेच्या परीक्षेची उत्तरपत्रिका होते. आमच्या मध्यमवर्गीय घरांत ही परीक्षा अधिक सभ्य शब्दांत घेतली जाते: "पोळ्या मऊ येतात का हो मुलीला?" मऊपणा पोळीचा विचारतात आणि अपेक्षा बाईकडून करतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा आपल्या व्याकरणात आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र'पासून (१९१०) कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) आणि तिथून आजच्या पाककृतींपर्यंत मराठी पाककृतीची वाक्ये विध्यर्थी असतात: पीठ चाळावे, तेल घालावे, कणीक मळावी, पोळी लाटावी. कोणी? वाक्यात कर्ता नाही. तो सांगण्याची गरजच नाही इतका ठरलेला आहे. ओगल्यांचे ऋण आम्ही मानतो. वाटी-चमच्याचे माप देऊन त्यांनी 'अंदाजा'च्या गूढातून स्वयंपाक बाहेर काढला आणि हाताचा गुण शिकता येतो हे दाखवले. पण कर्त्याची जागा रिकामीच राहिली. तीच रिकामी जागा बोलण्यातही दिसते. जी बाई पाच घरांत पोळ्या करते, तिला आपण 'पोळ्यांच्या बाई' म्हणतो. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. आपल्याच घरातल्या बाईंची त्यात नोंदणी आहे का, हे विचारलेले प्राध्यापक आम्हांस फारसे भेटले नाहीत.

इथे आमचाही कबुलीजबाब दिला पाहिजे. पन्नाशी जवळ येईपर्यंत आम्ही पोळपाटाला हात लावला नव्हता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, सोसायटीचे फाटक कामवाल्या बायकांना बंद झाले, आणि आम्ही युट्यूबसमोर कणीक भिजवली. पहिल्या आठवड्यात त्रिकोणी पापड झाले. तिसऱ्या आठवड्यात एक पोळी फुगली. त्या एका पोळीचे छायाचित्र आम्ही अकरा जणांना पाठवले आणि वाहवा मिळवली. जिने आमच्याकडे बारा वर्षे रोज पोळ्या केल्या, तिच्या एकाही पोळीचे छायाचित्र आमच्याकडे नाही. त्या महिन्यांत किती घरांनी त्या बायकांचा पगार चालू ठेवला, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

कोणी म्हणेल, मग तुम्हांला घरची पोळी नकोच आहे काय? हवी आहे, आणि मऊच हवी आहे. आमचा विरोध पोळीला नाही. ती करणारीला पुसून टाकणाऱ्या कौतुकाला आहे. जात्यावर दळणाऱ्या बायकांनी ओव्या रचल्या; हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लाखाच्या संख्येने गोळा केल्या, म्हणून त्या बायका निदान बोलताना ऐकू येतात. जात्याशी बहुधा दोघी बसत, आणि तोंड मोकळे असे. पोळीपाशी बाई एकटी असते, डोळे तव्यावर आणि कान घड्याळाकडे. तिची ओवी झाली नाही. ती कोणी लिहिली नाही म्हणून ते ज्ञान नव्हते, असे निदान साहित्याच्या शिक्षकांनी तरी समजू नये.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले. पुन्हा केव्हा ते या बाजूला आले, तर एखाद्या परिसंवादाला या विषयाची जागा मिळावी, एवढी माफक सूचना आम्ही करून ठेवतो. तोवर वर्गात 'अरे संसार संसार' शिकवण्याआधी प्रत्येक शिक्षकाने, विशेषतः पुरुष शिक्षकाने, सलग महिनाभर घरच्या सर्व पोळ्या कराव्यात. रसग्रहण त्यानंतर लिहावे. त्या प्राध्यापकांना आम्ही रांगेतच हे सुचवले होते. त्यांनी पुडके उचलले, आणि आठ पोळ्या मोजून घेतल्या.