बुडालेलं नाही, बुडवलेलं

तो फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणार. निळंशार पाणी, मागे बर्फाचे डोंगर आणि पाण्यातून वर आलेला एक दगडी घंटामनोरा. त्याला ना चर्च, ना गाव. कॅप्शन ठरलेलं: 'बुडालेलं गाव'.

माझं भांडण या एका शब्दाशी आहे. बुडतं ते आपोआप, बुडवतं ते कोणीतरी. मराठीत हा फरक दाखवायला एक 'व' पुरतो आणि नेमका तोच आपण गाळतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या देवळाबद्दलही आपण असंच लिहितो.

फोटोतलं गाव ग्राउन. इटलीच्या उत्तर टोकाला, रेशन खिंडीजवळ, साधारण दीड हजार मीटर उंचीवर. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड, दोन्ही देशांच्या सीमा हाकेच्या अंतरावर. मनोरा 14व्या शतकातला, सेंट कॅथरीनच्या चर्चचा. माणसं जर्मन बोलणारी, गुरं आणि कुरणांवर जगणारी. पहिल्या महायुद्धानंतर साउथ टायरॉल हा सगळा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. माणसं जागची हलली नाहीत, सीमाच त्यांच्या डोक्यावरून सरकली. मग मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. ग्राउनचं कुरोन झालं. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने लोकांपुढे पर्याय ठेवला: घरदार सोडून जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. याला पर्याय म्हणायचं!

त्याच सुमारास मोंतेकातिनी या कंपनीची योजना आली. वरच्या दोन नैसर्गिक तळ्यांचं मिळून एक मोठं धरण करायचं, पाण्याची पातळी 22 मीटरने चढवायची आणि वीज काढायची. आधीच्या योजनेत ही वाढ फक्त 5 मीटरची होती. 5 मीटरमध्ये गाव वाचत होतं, 22 मध्ये नाही. सूचना लावली ती इटालियनमध्ये. वाचणाऱ्यांची भाषा जर्मन.

इथवर ऐकलं की 'फॅसिस्टांनी केलं' म्हणून आपण मोकळे होतो. तेही अर्धंच खरं आहे, आणि मला जास्त राग या अर्ध्या सत्याचा येतो. 1945 मध्ये मुसोलिनी संपला. 1946 मध्ये इटली प्रजासत्ताक झालं. हुकूमशहाची फाइल नव्या सरकारला सहज फाडता आली असती. फाडली नाही. काम पुन्हा सुरू झालं, कारण पैसे मिळाले: स्वित्झर्लंडमधून 3 कोटी फ्रँक. मोबदल्यात हिवाळ्यातली वीज. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), स्वित्झर्लंडमध्येच स्प्ल्यूगन भागात असंच धरण होणार होतं. तिथल्या गावकऱ्यांनी नकार दिला आणि तो नकार ऐकला गेला. मग तो पैसा डोंगर ओलांडून अशा ठिकाणी आला, जिथे नकार कोणी मोजत नव्हतं.

ग्राउनच्या लोकांनी नकार दिला नव्हता असं नाही. धर्मगुरू आल्फ्रेड रीपर थेट रोमला गेले, पोप पायस बाराव्यांना भेटले. पाणी थांबलं नाही. 163 घरं आणि 523 हेक्टर शेतजमीन गेली.

18 जुलै 1950 रोजी मनोऱ्यातल्या घंटा उतरवल्या. आठवड्याभरात चर्चची मुख्य इमारत पाडली. मनोरा तेवढा ठेवला, कारण तो संरक्षित वास्तू होता. म्हणजे कायद्याला दगड जपता येत होता. त्या दगडाखाली लग्नं लावलेली, मुलांना बाप्तिस्मा दिलेला, माणसं पुरलेली जिवंत वस्ती जपण्याचं कलम त्यात नव्हतं.

आता सांगतात की हिवाळ्याच्या रात्री पाण्याखालून घंटा ऐकू येतात. रील्सना ही कथा फार आवडते. 2020 मध्ये नेटफ्लिक्सने 'कुरोन' नावाची भुताखेतांची मालिकाही काढली. अहो, घंटा पाणी चढायच्या आधीच उतरवल्या होत्या! तारीख नोंदलेली आहे. पण भुताला नुकसानभरपाई द्यावी लागत नाही आणि भुताच्या गोष्टीत कंपनीचं नाव घ्यावं लागत नाही, म्हणून भूत सगळ्यांना परवडतं.

आणि नाव कोणतं चाललं बघा. मालिकेलाही कुरोनच. वरून लादलेलं.

2021 मध्ये दुरुस्तीसाठी तळं काही काळ रिकामं केलं. चिखलातून भिंतींचे पाये वर आले, पायऱ्या वर आल्या. जगभर फोटो फिरले. 'रहस्यमय गाव पुन्हा प्रकटलं' म्हणे. रहस्य कसलं? घरं कोणाची, योजना कोणाची, पैसा कुठून आला, सगळं कागदावर आहे.

हिवाळ्यात तळं गोठतं. तेव्हा लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात, हात लावतात, सेल्फी काढतात. जरूर काढा, मीही काढला असता. पायाखाली बर्फ, बर्फाखाली पाणी, पाण्याखाली कोणाची तरी ओसरी. कॅप्शनमध्ये तेवढा 'व' घाला.