ग्रीष्मांतील समुद्रतीर व प्रातःकाळचा फेरफटका

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनांत तिचे बेत सुरू होतात. कोणी महाबळेश्वर-माथेरानचा विचार करतो, कोणी आप्तेष्टांकडे जाण्याची तयारी करतो, आणि कित्येकांचा बेत केवळ उशीरां उठण्याचा असतो. करमणुकीस पैसा लागतोच, अशी आपली दृढ समजूत झालेली आहे. परंतु ज्यास कोंकणकिनाऱ्यावर राहण्याचा किंवा तेथें चार दिवस पाहुणा म्हणून जाण्याचा योग येतो, त्याच्या दाराशीं असें एक सुख उभें असतें कीं, त्यास तिकीट नाहीं, पोषाख नाहीं, आणि सोबतीचीही गरज नाहीं. पहांटे उठून समुद्राच्या पुळणीवरून अनवाणी चालणें, हेंच तें सुख होय. आपल्या निष्काळजीपणामुळें तें पुढील पिढीस मिळेल किंवा नाहीं, अशी शंका येऊं लागली आहे; म्हणून त्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

समुद्रावर जाण्याची वेळ संध्याकाळची, असा सामान्य समज आहे. सूर्यास्ताची शोभा कोणीही नाकारणार नाहीं. परंतु त्या वेळीं किनाऱ्यावर माणसांची व खाद्यपदार्थांच्या गाड्यांची इतकी दाटी असते कीं, समुद्राचा आवाज कानीं पडणेंही कठीण व्हावें. दुपारीं पाय भाजणारी वाळू पहांटे माठाप्रमाणें गार असते. रात्रीं जमीन पाण्यापेक्षां लवकर थंड होते, त्यामुळें त्या वेळीं वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हाच मतलई वारा. दिवस वर आला म्हणजे दिशा उलटते व खारा वारा सुरू होतो. पूर्वीं शिडांच्या होड्या एका वाऱ्यावर बाहेर पडत व दुसऱ्यावर घरीं परतत. शिवाय आपला किनारा पश्चिमेचा. त्यामुळें सूर्य समोरून डोळ्यांत येत नाहीं. तो पाठीमागून, माडांच्या राईआडून वर चढतो. प्रथम दूरचें पाणी उजळतें, मग तो प्रकाश हळूहळू जवळ येतो, आणि अखेर आपलीच लांब सावली आपल्या पुढें लाटांपर्यंत जाऊन पोंचते.

या फेरीस एक लहानसें गणितही आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे मुंबई-अलिबागकडे पूर्ण भरतीची वेळ अदमासें निघते. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशीं सकाळीं सहाचे सुमारास भरती असावयाची. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आणि भरती-ओहोटींमध्यें सहा तासांहून किंचित् अधिक अंतर असल्यामुळें त्या दिवशीं पांचाचे सुमारास ओहोटी पुरी होते. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. तेव्हां पौर्णिमा, अमावास्या व त्यांनंतरचे दोन-तीन दिवस हे पहांटे फिरणारास उत्तम. उधाणाचे हे दिवस असल्यामुळें पाणी फार दूरवर हटतें व विस्तीर्ण पुळण मोकळी होते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास भरतीच्या वेळीं पाण्याचा वेढा असतो, तर ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. मात्र परतीची वेळ स्थानिक कोळ्यांस विचारल्यावांचून कोणीही तिकडे पाऊल टाकूं नये. समुद्र कोणासाठीं थांबत नाहीं.

डोळे उघडे ठेवून चालणारास पावलोपावलीं कांहींतरी सांपडतें. ओल्या वाळूवर मोहरीहून किंचित् मोठ्या गोळ्यांची नक्षी दिसते. ती इवल्याशा खेंकड्यांनीं केलेली असते. वाळू तोंडांत घेऊन तींतील अन्नकण तेवढे ते चाळून घेतात, आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पुढची भरती ही नक्षी पुसते, आणि ओहोटी होतांच तोच उद्योग नव्यानें सुरू होतो. भरतीच्या रेषेच्या वर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते; तीच वाऱ्यावर उडणारी वाळू धरून ठेवते. पुस्तकांतील धडा वर्गांत वाचणें निराळें आणि तोच धडा पायांखालीं पाहणें निराळें.

यावर कोणी म्हणेल, “हे सारे रिकाम्या मनुष्याचे विलास आहेत; कोळ्याला विचारा, त्याला या सौंदर्याचें काय?” आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. आपण हवा खाण्यास जातों त्याच वेळीं कोळीण वाळूवर जवळा पसरीत असते, दोऱ्यांवर बोंबील टांगीत असते, आणि तिचा अर्धा दिवस संपलेला असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत महाराष्ट्रांत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांची तरतूद याच उन्हांत होते. परंतु यावरून आमच्या मतें इतकेंच ठरतें कीं, ज्या वाळूवर आपण सुखासाठीं चालतों ती दुसऱ्याच्या श्रमाची जागा आहे, म्हणून तेथें पाहुण्याच्या मर्यादेनें वागावें. नाक दाबून पुढें जाणारास समुद्र आवडतो, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

ही मर्यादा आज सुटत चालली आहे. मौजेखातर पुळणीवर मोटारी पिटाळल्या जातात. चाकांखालीं खेंकड्यांचीं बिळें दडपतात आणि मर्यादवेल तुटते. प्लास्टिकच्या बाटल्या व पिशव्या टाकून लोक निघून जातात, आणि उधाण तीं पुन्हां किनाऱ्यावर आणून टाकतें. परंतु मनांत आणलें तर काय होऊं शकतें, याचें उदाहरणही कोंकणांतच आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनें २००२ सालीं ग्रामस्थांच्या साहाय्यानें समुद्रकांसवांच्या अंड्यांचें रक्षण आरंभिलें. पूर्वीं जीं अंडीं चोरीस जात, त्यांतून निघालेलीं पिलें आतां समुद्राकडे धांवतांना पाहण्यास दूरदूरचे लोक पहांटे तेथें जमतात. गांवकऱ्यांची दृष्टि बदलली, तेव्हां किनाराही बदलला.

म्हणून आमचें विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, या सुटींत एक दिवस तरी सूर्यापूर्वीं उठावें आणि पायींच पुळणीवर जावें. बंधूंनीं व भगिनींनीं वाहन असल्यास रस्त्यावर ठेवावें, दूरध्वनि खिशांत ठेवावा, आणि परततांना कोणी टाकलेली एक बाटली तरी उचलून आणावी. आपल्या पावलांचे ठसे भरती पुसून टाकते, ही तिची कृपा आहे. आपला केरही तिनेंच पुसावा, अशी अपेक्षा करणें शहाणपणाचें नव्हे.