जुन्या संगणकाला तार जोडताना

औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात डोकावलात, तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे मिलिंग यंत्र आणि ते चालवणारा डॉसचा संगणक अजूनही दृष्टीस पडतो. यंत्राचा बिडाचा सांगाडा भक्कम असतो, मोटारी धडधाकट असतात. अडते ते एवढेच, की कामाची फाइल त्या संगणकात न्यायची कशी? पूर्वी ती फ्लॉपीतून जाई. पण सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमधील फ्लॉपीची विक्रीही थांबवली.

मग ‘सगळे मोडीत काढा’ असा सल्ला हमखास मिळतो. मला तो घाईचा वाटतो. नुसता संगणक बदलूनही भागत नाही, कारण यंत्र चालवणारे कार्ड पुष्कळदा आयएसए खाचेत बसवलेले असते आणि आजच्या साध्या संगणकात ती खाच नसते.

त्यापेक्षा तार जोडावी. सर्वांत साधी तार आरएस-२३२ ची; हे मानक १९६० चे. समजा, तिच्यातून सेकंदाला ९६०० बिट जातात. आरंभाचा व शेवटचा बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे झाली. फ्लॉपीभर, म्हणजे १.४४ मेगाबाइटची फाइल जायला पंचवीस मिनिटे लागतील. पण नाक मुरडू नका. प्लेटला भोके पाडायची चार हजार अक्षरांची फाइल सव्वाचार सेकंदांत पोचते.

खरी काळजी वेगाची नव्हेच. आस्की संकेतात १ हा अंक ०११०००१ असा लिहितात आणि ९ हा ०१११००१ असा. फरक एका बिटाचा! शेजारच्या मोटारीमुळे तारेत विद्युत्दाब प्रवर्तित होऊन तेवढा बिट उलटला, तर ‘एक्स १०’ चे ‘एक्स ९०’ होईल. दहा मिलिमीटरवर थांबायचा कटर नव्वदकडे धावेल. वाटेत व्हाइस असला तर कटर तुटेल. आणि कामगाराचा हात असला तर? पॅरिटी बिट एक चूक पकडतो, पण एकाच अक्षरात दोन बिट उलटले तर फसतो (५ आणि ९ यांचे संकेत मांडून पाहा). म्हणून फाइल नुसती ढकलून देऊ नये. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये तयार झालेला कर्मिट हा प्रोग्रॅम फाइलचे तुकडे पाडतो, प्रत्येकाची तपासबेरीज पडताळतो आणि ती जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागवतो.

मोठ्या फाइली रोजच येत असतील, तर रिकाम्या खाचेत नेटवर्क कार्ड बसवावे. पॅकेट ड्रायव्हर आणि एमटीसीपी हा मोफत प्रोग्रॅमसंच यांच्या मदतीने डॉसचा संगणकही एफटीपीने फाइल घेऊ शकतो. अर्थात डॉस एका वेळी एकच काम करतो, तेव्हा फाइल येत असताना यंत्र थांबलेले राहील. मला तरी ही गैरसोय वाटत नाही.

मात्र ही तार इंटरनेटपर्यंत मुळीच नेऊ नये. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो आणि डॉसच्या दारात पहारेकरी नाही. फाइल देणारा संगणक आणि हा, एवढ्या दोघांचीच जोडणी स्वतंत्र असावी.

शिक्षकांनाही एक सुचवतो. शाळेच्या अडगळीत असे दोन संगणक असतील, तर ते तारेने जोडा, मुलांकडून एक फाइल पाठवून परत मागवा आणि डॉसच्याच एफसी आज्ञेने मूळ फाइलशी ताडून पाहा. फरक निघालाच, तर कोणता बिट उलटला ते मुलांना फळ्यावर मांडू द्या.