पत्रक वाचा, पण गिऱ्हाईक शोधा

नवा जोडधंदा घेऊन गावात येणारा माणूस आजकाल रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्याजवळ रंगीत पत्रक असते, मोबाइलवर चित्रफीत असते आणि शेजारच्या तालुक्यातील एखाद्या 'यशस्वी' शेतकऱ्याचा फोटोही असतो. माहितीचा दुष्काळ आता राहिलेला नाही. दुष्काळ आहे तो माहिती पारखून घेण्याचा, आणि त्याची किंमत सांगली-सातारा भागाने रोख मोजलेली आहे.

२०१९ साल आठवा. वाळवा तालुक्यातील, त्या वेळच्या इस्लामपुरातून चाललेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत सांगली, सातारा, कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी आणि बेकार पोरांनी पैसे गुंतवले. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे आणि अंडी-कोंबड्या परत घ्यायची हमीही कंपनीचीच. पुढे खाद्य येईना, अंडी उचलली जाईनात, फोन लागेनात. कोट्यवधी रुपये अडकले, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. कुणी दागिने गहाण ठेवून शेड मारले होते, कुणी सोसायटीचे कर्ज त्यात घातले होते.

आता नीट विचार करा. यात खोटे काय होते? कोंबडी खोटी नव्हती. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील अस्सल देशी जात. तिच्या काळ्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिच्याबद्दल जे सांगितले जात होते त्यातले बरेचसे खरेच होते. पण माहिती अर्धी होती. ही कोंबडी वर्षाला साधारण शंभराच्या आतबाहेर अंडी देते, तर अंड्यांसाठी पाळली जाणारी संकरित कोंबडी तीनशेच्या घरात जाते. कडकनाथची वाढही सावकाश होते. म्हणजे तिचे अंडे महागच पडणार. मग ते महागडे अंडे रोज विकत घेऊन खाणार कोण, आणि किती जण? एवढा एकच प्रश्न नेटाने विचारला असता तर निम्मी मंडळी घरी परतली असती. कोंबडीची माहिती सगळ्यांनी ऐकली, गिऱ्हाइकाची माहिती कुणी काढलीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की सांगणाऱ्याचा धंदा कशावर चालतो ते बघा. तुमचा माल पुढे विकून तो कमावणार असेल तर गोष्ट वेगळी. पण पिल्ले, रोपे, यंत्र किंवा सभासदत्व तुम्हालाच विकून त्याची कमाई होणार असेल, तर त्याची माहिती ही जाहिरात समजावी. दुसरी गोष्ट, 'हमी'चा करारनामा घरी आणून वाचा. खरेदी केली नाही तर काय, हे त्यात लिहिले आहे का? नसेल तर ती हमी तोंडची वाफ आहे. तिसरी गोष्ट, कंपनीची नोंदणी झाली आहे म्हणजे सरकारने तिच्या धंद्याची खात्री दिली, असे मुळीच नाही. नोंदणी कुणाचीही होते. चौथी गोष्ट, यशस्वी शेतकरी दाखवला तर त्याच्याकडे कंपनीच्या गाडीतून जाऊ नका. आपल्या गाडीने जा, आणि आदल्या वर्षी सुरुवात केलेल्या दोघा-तिघांना गाठा. पहिल्या महिन्यातला माणूस खुशीतच असतो. खरा हिशेब दुसऱ्या वर्षी कळतो.

माहिती न मिळाल्याने होणारे नुकसान एका प्रकारचे, आणि असलेली माहिती वेळेवर न बघितल्याने होणारे दुसऱ्या प्रकारचे. द्राक्ष बागायतदारांना २०१० सालचा अनुभव आहे. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला बागेत सगळे 'सीसीसी' म्हणतात, त्याचा अंश जास्त सापडला म्हणून भारतातील द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तिकडची मर्यादा ठरलेली होती, पण आपल्याकडच्या तपासणीत त्या घटकाकडे लक्ष गेले नव्हते. फटका बागायतदाराला बसला. त्यातून द्राक्षवाले शिकले, हे मान्य केले पाहिजे. आज निर्यातीची बाग धरणारा तासगाव-पलूसचा किंवा खटावचा शेतकरी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी बघितल्याशिवाय फवारणीचा पंप भरत नाही. दुकानदार काय देतो यापेक्षा यादीत काय आहे, हे त्याला महत्त्वाचे वाटते. माहिती वापरायची म्हणजे अशी.

बाजारभावाचेही तेच. 'सांगलीत हळदीला विक्रमी दर' असा मथळा आमच्यासारखी वर्तमानपत्रेच छापतात. पण तो दर बहुतेक वेळा एखाद्या उत्तम लॉटचा, कधी मुहूर्ताच्या सौद्याचा असतो. तुम्ही बघायचा तो सर्वसाधारण दर, आणि त्याच्या शेजारी त्या दिवसाची आवक. पाच पोत्यांना मिळालेला भाव धरून पाच एकरांचे गणित मांडू नये. बाजार समितीचे आणि पणन मंडळाचे दर रोज मोबाइलवर बघता येतात. एका दिवसाचा नको, तीन वर्षांचा त्याच महिन्यातला दर काढून वहीत मांडा. त्यातल्या सर्वांत पडत्या भावातही खर्च निघतो का, ते बघा. निघत असेल तरच पुढे जा.

विचारायला जागा नाहीत असेही नाही. हळदीसाठी कसबे डिग्रज, उसासाठी पाडेगाव, बाकीच्या गोष्टींसाठी सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे, सांगली जिल्ह्यात कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रे आहेत. त्यांना तुम्हाला काही विकायचे नाही, हीच त्यांच्या सल्ल्याची मोठी किंमत. एसटीच्या एका तिकिटात होणारे काम आपण टाळतो आणि लाखाची उडी मात्र पावण्याच्या शब्दावर मारतो, हे कुठवर चालायचे?

इथे गावकारभाऱ्यांचीही जबाबदारी येते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी अशा कंपनीच्या मेळाव्याला समाजमंदिर देण्यापूर्वी थोडी चौकशी करावी. ग्रामपंचायतीच्या जागेत, सरपंचाच्या हस्ते नारळ फुटला की लोक त्याला गावाची शिफारस समजतात. मेळाव्यात काय काय कबूल केले, ते लेखी मागून घ्यावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. त्या दिवशी पशुधन विकास अधिकारी किंवा कृषी खात्याचा माणूस बोलावून त्याच्यासमोर प्रश्न विचारू द्यावेत. सोसायटीच्या आणि बँकेच्या लोकांनीही कर्जाचा कागद पुढे सरकवण्यापूर्वी 'माल घेणार कोण' हे विचारायला हरकत नाही.

नवा धंदा करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. एकट्या उसावर घर चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. धाडस जरूर करा. पण बैल घेताना चार बाजार फिरून, दात बघून, चालवून घेणारा आपला शेतकरी. तेवढीच पारख कागदाची आणि शब्दाची केली, तर दुसरा कडकनाथ या भागात उभा राहणार नाही. पुढच्याला ठेच लागलेली आहे. मागच्याने आता तरी शहाणे व्हावे.